मठवाडीतलं पाणी आणि मी बुजवलेली मोरी

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी पाणी भरलं. रोजच भरायचो. आमच्या चाळीत सव्वापाचला नळ येतो आणि सहाला जातो. नळाचं तोंड आणि पाइपचं तोंड जुळत नाही, म्हणून एकानं बाहेर सांध्यावर फडकं दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं आत पाइपचं टोक पिंपात धरायचं. लीला बाहेर, मी आत. मधे भिंत. त्यामुळे नवराबायकोचं बोलणं सगळं ओरडून.

"भरलं का?"

"अजून वीतभर आहे."

"मघापासून वीतभरच आहे तुमचं."

मग ती म्हणाली, "अहो, परवा गाडी येतेय काँक्रीटची. पाटकर बाई सांगत होत्या. मठवाडीच्या मागच्या पट्ट्यात सगळीकडे पार्किंग करणार. तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"तू पाण्याकडे बघ," मी म्हटलं.

"पाण्याकडेच बघतेय. दर पावसाळ्यात बघतेय."

पिंप भरलं. मी "बस्स" म्हणून ओरडलो, तिनं फडकं सोडलं. रात्री जेवलो, झोपलो. बुधवारी पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलं नसेल. ते ह्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

ह्या अंकाच्या संपादक बाईंनी मला माझ्या नोकरीवर लिहा म्हटलं. बायकोपासून सुरुवात का केली म्हणाल, तर ते भिंतीआडचं बोलणं नोकरीबद्दलचंच होतं. मी सातवी नापास माणूस. शुद्धलेखन बाई बघतील. बाकी जे घडलं ते मी लिहितोय, आणि त्यात माझी लाज आहे ती पण लिहितोय.

ठाण्याहून घोडबंदर रोडनं निघालात तर डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी. मधल्या जागेत आता टॉवरच टॉवर. त्यातले चार टॉवर ज्या जमिनीवर आहेत तिला आम्ही मठवाडी म्हणतो. तिथं ख्रिस्ती साधूंचा मठ होता. टॉवरच्या इंग्रजी नावातसुद्धा म्हणे मठ आहे. मला वाचता येत नाही ते, पण गेटवर टोपीवाल्या साधूचं चित्र आहे. आमच्या साधूंना टोपी नव्हती. उन्हात डोक्याला ओला टॉवेल बांधायचे.

मी तिथं लागलो तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं धड. आमचं गाव खेडच्या बाजूला, बौद्धवाडी. वडील आधी ठाण्यात आलेले, मागनं मी. काम काय, तर पाणी फिरवायचं. आता हे काम कोणाला समजत नाही म्हणून सांगतो. डोंगरातनं ओढा येतो. साधूंनी त्याला वर दगडी बांध घातलेला. बांधापासून पाट, म्हणजे दगडाची बांधीव नाली, माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. पाट तलावात. तलावातनं सहा फाटे. एक भाजीला, एक चिकूला, एक आंब्याला, एक गोठ्याला, एक भाताच्या खाचरांना, एक स्वयंपाकघराला. प्रत्येक फाट्याच्या तोंडाला लाकडाच्या फळ्या. फळी काढली की पाणी जातं, टाकली की थांबतं. एवढंच. पण कुठली फळी किती वेळ काढायची ह्यातच सगळी नोकरी.

तर ती वेळ घंटेवर असायची. साधू दिवसातनं सात वेळा प्रार्थना करायचे आणि प्रत्येक वेळी घंटा. त्या घंटांवरच पाणी बांधलेलं. पहाटेच्या घंटेला भाजीचं पाणी सोडायचं, पुढच्या घंटेला बंद करून चिकूला. दुपारच्या घंटेला गोठा. तुम्ही मला आजसुद्धा ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या वेळा विचारा, मी सांगतो. फक्त मी त्यांना नावं भाजी, चिकू, गोठा अशी देतो.

पाण्याचे मुख्य होते ब्रदर आंब्रोज. वसईकडचे, मराठी आपल्यासारखंच बोलायचे, जरा गाणं म्हटल्यासारखं. उंच, हाडकुळे, पायात टायरच्या चपला. पण सकाळी त्यांचं मौन असायचं. सगळ्याच साधूंचं. दहापर्यंत कोणी बोलत नसे. मग काम कसं चालायचं? हातवाऱ्यांनी. दोन बोटं मनगटावर ठेवली म्हणजे अर्धं पाणी. मूठ छातीवर म्हणजे पूर्ण बंद. कानाला हात लावला म्हणजे ओढा वाढलाय, बांधाकडे पळ.

माझं लग्न झालं आणि लीला वाडीवर आली, तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या सकाळी ती भाजी खुडायला गेली. आजूबाजूला चार-पाच दाढीवाले, तपकिरी झगे, आणि सगळे हातवारे करतायत. घरी येऊन ती रडायला लागली.

"मुक्यांच्या वाडीत दिलं मला बापानं."

"मुके नाहीत गं ते. दहा वाजू दे."

दहा वाजले आणि ब्रदर आंब्रोज खिडकीतनं ओरडले, "सूनबाई, मेथी मुळासकट उपटलीस की तू! परत उगवायची नाही ती!" लीला माझ्याकडे बघून म्हणाली, "मुका होता तेच बरं होतं."

पुढे ती त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. आणि हातवारे तिनं असे उचलले की घरात भांडण झालं की ती तोंडानं काही बोलत नसे. मूठ छातीवर. पूर्ण बंद.

मला तेव्हा एक खोड होती, पाणी कुठे जातं ते बघायची. यायचं कुठनं ते सगळ्यांना दिसतं. पण पावसाळ्यात डोंगर फुटल्यासारखा वाहतो, तलाव भरून वाहतो, आणि तरी खालच्या गोठ्यात कधी घोटाभर पाणी नाही. मी ब्रदरना विचारलं. त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. गवतात दगडी चौकट, त्यात भोक, आत अंधार. ती मोरी. जमिनीखालनं थेट खाडीपर्यंत गेलेली. बांधली कोणी, तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आधीच्या साधूंनी, किंवा त्यांच्याही आधी कोणी. मी म्हटलं आत काय असेल? ते म्हणाले, बघ जाऊन. मी गेलो. एप्रिल होता, कोरडी होती. पोटावर सरपटत, तोंडात बॅटरी. अर्ध्यावर जाऊन घाबरून मागे आलो, पण बघितलं ते बघितलं. वरचे दगड एकमेकांवर तिरके टेकवलेले, चुना नाही, काही नाही. कुठेही कणभर माती पडलेली नाही. खेकडे मात्र होते. एकानं अंगठा धरला.

ब्रदर मला म्हणाले, "पाणी आणायला कोणीही आणतो. घालवायला अक्कल लागते. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, ही मोरी दर वैशाखात साफ करायची." मी दर वैशाखात करत राहिलो.

एकदा त्यांच्या कुठल्या सणाला सुट्टी होती, तर ते मला जंगलातनं चालत डोंगरापलीकडे कान्हेरीला घेऊन गेले. मला वाटलं ह्यांना बुद्धाच्या मूर्ती दाखवायच्या असतील, मी बौद्ध म्हणून. त्या दाखवल्याच नाहीत. ते सरळ पोढ्यांवर गेले. पोढी म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी. वर कातळात बोटभर रुंदीच्या चऱ्या खोदलेल्या, पाऊस त्यातनं टाकीत. ब्रदर गुडघ्यावर बसून त्या चरीत बोट फिरवत होते. म्हणाले, "बघ, तुझे भिक्खू. दोन हजार वर्षं होत आली. उतार बघ कसा दिलाय." मी पण बोट फिरवलं. एका ख्रिस्ती साधूनं मला माझ्या भिक्खूंचं काम दाखवलं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. त्यात मला मोठेपणा वाटायचा. तो मोठेपणाच पुढे नडला. ते येईल.

मठाला हळूहळू माणसं मिळेनाशी झाली. नवीन पोरं साधू व्हायला येईनात. बाराचे सात झाले, सातचे तीन. घंटा वाजवायला माणूस नसला की ब्रदर मला म्हणायचे, तूच वाजव. म्हणजे मीच घंटा वाजवायची आणि मीच पळत जाऊन फळी काढायची. ब्रदर आंब्रोज गेले, मग उरलेल्या दोघांना त्यांच्या मोठ्या मठात घेऊन गेले. जागा एका ट्रस्टकडे आली आणि तिथं छातीच्या आजाऱ्यांचं विश्रांतिगृह झालं. साधूंच्या खोल्यांत खाटा. लीला आया म्हणून लागली. घंटा बंद, पण मी त्याच वेळांना पाणी फिरवत राहिलो. हाताला सवय.

तिथं एक पेशंट आलेले, नाटक कंपनीत पेटी वाजवणारे. फुप्फुसं गेलेली. खाट पाटाच्या बाजूच्या खिडकीला लावा म्हणून हट्ट. मी रोज फळ्या काढतो-टाकतो, तर एक दिवस खिडकीतनं आवाज आला, "माळीबुवा, आज दोनच फळ्या काढल्यात? कालच्यापेक्षा सूर चढलाय." मी मोजलं, दोनच होत्या, तिसरी अडकलेली. मग आमचा खेळच झाला. मी फळ्या बदलायचो आणि ते डोळे मिटून सांगायचे. एकदाच चुकले, तेव्हा पाटात मेलेला बेडूक अडकलेला, त्यांची चूक नव्हती. बरे होऊन गेले ते. म्हणजे मला वाटतं बरे झाले. परत आले नाहीत एवढं खरं. लीला म्हणायची, पेटीवाल्यानं तुम्हाला बिघडवलं, तेव्हापासून तुम्ही माझं ऐकत नाही, पाण्याचं ऐकता.

विश्रांतिगृह पण बंद पडलं. मग एका शेठनं जागा घेतली आणि शूटिंगला भाड्यानं द्यायला लागला. साधूंचं जेवणघर कधी कोर्ट झालं, कधी जेल झालं, एकदा काश्मीर झालं. थर्माकोलचा बर्फ चिकूच्या झाडावर महिनाभर होता, कावळे चोचीत घेऊन जायचे. एका डायरेक्टरला मे महिन्यात नदी पाहिजे होती.

"नदी नाही," मी म्हटलं. "पाट आहे."

"चाचा, दोन मिनिट के लिए बना दो ना नदी."

मला गंमत वाटली. खरं सांगतो, मला बघायचं होतं की सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर काय होतं. कधीच काढलेल्या नव्हत्या. काढल्या. दोन मिनिटं नदी झाली. हिरोईनची चप्पल वाहून गेली, डायरेक्टर टाळ्या वाजवतोय. मग तलाव रिकामा झाला आणि तळाला मासे तडफडायला लागले. शेजारच्या पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन आल्या, त्यांना कोणी बोलावलं देवाला माहीत. लीलानं पण दोन मरळ आणले. त्या उन्हाळ्यात चिकूची अकरा झाडं वाळली. नदी मी बनवली आणि झाडं मी मारली, असा हिशेब आहे तो.

शूटिंग कमी झाली तेव्हा शेठनं लग्नाचा लॉन काढला. गोठ्यामागचा सखल पट्टा, जिथं मोरीचं तोंड होतं, तिथंच हिरवळ लावली, कारण ओल तिथंच टिकायची. मोरीवर मी लाकडी झाकण ठेवलं, वर गवताचा थर. एका लग्नात नवऱ्या मुलीचे मामा अक्षता टाकायला घाईत आले आणि झाकण मोडून मांडीपर्यंत आत. एक पाय मोरीत, हातात अक्षता, फेटा तिरका. बँडवाल्यांना वाटलं नाचतायत, त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. मामांना ओढून काढलं, पायाला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, पण नवऱ्या मुलीकडची माणसं शेठच्या अंगावर गेली. शेठ माझ्या अंगावर आला.

"उद्याच्या उद्या बुजवून टाक हे बीळ."

"बीळ नाही शेठ, मोरी आहे. पावसाळ्यात..."

"उद्या परत लग्न आहे. पावसाळ्यात लग्नं नसतात. पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू."

हे मला पटलं. हीच माझी चूक. मला वाटलं, आता बुजवू, मृगाच्या आधी परत काढू, शेठला कळणार पण नाही. स्टोअरमध्ये ओल लागून दगड झालेली सिमेंटची पोती होती. ती मी तोंडात घुसवली, फटीत ओलं सिमेंट लोटलं, वर माती, वर हिरवळीचे चौकोन. लीला घमेलं उचलायला होती. ती म्हणाली, "ब्रदरनी काय सांगितलेलं?" मी म्हटलं, "दीड महिन्याचा तर प्रश्न आहे." झाकण दगडाचं केलं असतं तरी भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि दगड आणायला वेळ नव्हता.

त्या दीड महिन्यात शेठनं जागा बिल्डरला विकली. आम्हा सगळ्यांना गेटबाहेर काढलं, गेटवर नवीन वॉचमन. मी जूनमध्ये दोनदा गेलो, आत सोडलं नाही. खरं लिहायचं तर दुसऱ्यांदा मी मोरीचं बोललोच नाही, नुसता उभा राहून आलो.

टॉवर झाले. तलावाचा स्विमिंग पूल झाला, प्रार्थनेच्या जागेत जिम झाली. टॉवरला नवीन गटारं आहेत, त्यांना काही नाही. पण सखल पट्ट्यातला गोठा तसाच ठेवला आणि त्यात खोल्या पाडून सोसायटीच्या कामगारांना दिल्या. वॉचमन, लिफ्टवाला, सफाईवाल्या बायका. दर पावसाळ्यात त्या खोल्यांत गुडघाभर पाणी. लिफ्टवाला राजाराम, त्याची आई लकव्यानं पडून आहे, तिची खाट विटांवर चढवलेली. मी पावसात खाडीकडे जाऊन मोरीचं दुसरं तोंड बघायचो. कोरडं ठणठणीत. एक थेंब नाही. खेकडेसुद्धा सुखी.

तोपर्यंत लीला सोसायटीच्या सेक्रेटरी पाटकर बाईंकडे चपात्या करायला लागलेली. तिच्यामुळे बाईंना कळलं की मी मठातला जुना माणूस. मग दर सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की मला बोलवायचे. पोरांना साधूंच्या गोष्टी सांगायला. घंटा, हातवारे, कान्हेरीच्या पोढ्या. पाटकर बाई माइकवर म्हणायच्या, "काकांना इथल्या पाण्याची नस न् नस माहीत आहे." पोरं टाळ्या वाजवायची. मला शाल दिली एकदा.

पहिल्या पावसाळ्यात खोल्यांत पाणी शिरलं तेव्हा बाईंनी मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. "काका, ह्या पट्ट्यात जुनी मोरी वगैरे होती का हो?"

मी म्हटलं, "आठवत नाही बाई."

का म्हटलं? नस न् नस माहीत असलेल्या माणसानंच नस बांधून टाकली, हे कसं सांगायचं? तेवढीच इज्जत होती माझ्याकडे, ती पण उधारीची. एकदा आठवत नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी आठवलं कसं म्हणणार? मग इंजिनियर आला, त्यानं बघून सांगितलं की खोल्यांतली माणसं कचरा टाकतात म्हणून पाणी तुंबतं. मीटिंगमध्ये ठरलं. खोल्यांना नोटीस लागली की गटारात कचरा टाकाल तर बाहेर काढू. राजाराम मला लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, आमची आई उठून पाणी पीत नाही, ती कचरा कुठला टाकणार?" मी सातव्या मजल्यापर्यंत आकड्यांकडे बघत उभा राहिलो.

यंदा ठरलं की खोल्या पाडायच्या. कामगारांनी दिवा स्टेशनाकडे नाहीतर कुठे भाड्यानं बघावं. आणि पट्ट्यावर सगळीकडे काँक्रीट. एकदा ते पडलं की मोरी कायमची गेली.

लीलाला सगळं माहीत होतं, घमेलं तिनंच उचललेलं. बाईंच्या किचनमध्ये रोज उभी असून तिनं कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तू का नाही सांगत? तर म्हणाली, "मी सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलं तर ते सांगणं होईल." मंगळवारी पहिल्यांदाच म्हणाली, का मी सांगू. तिला घाई झाली होती, ती कशाची ते मला बुधवारी कळलं.

बुधवारी दुपारपर्यंत सगळं आटपलं. मुलगी मीना कल्याणहून आली, जावई आला. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं. पाटकर बाई आल्या, पायाशी फुलं ठेवून बराच वेळ बसल्या. खांदा द्यायला चाळीतली माणसं होती, आणि माझ्यासमोर, तिरडीच्या पलीकडच्या दांड्याला, राजाराम. युनिफॉर्मवरच आलेला. चौकापासून स्मशानापर्यंत त्यानं खांदा बदलला नाही. मी त्याच्याकडे बघत चाललो होतो. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी उठलो, तोंड धुतलं, चप्पल घातली. मीना म्हणाली, "बाबा, कुठे? माणसं यायचीत भेटायला."

"मठवाडीत."

"आज?"

"आजच."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. माझ्या मागनं चालत आली, पदर खोचून.

काँक्रीटची गाडी गेटात उभी होती, तिचं पोट गरागरा फिरतंय. खोल्यांसमोर सामान काढून ठेवलेलं, राजारामची आई खाटेसकट उन्हात. पाटकर बाई, कंत्राटदार, चार-पाच मेंबर. बाई धावत आल्या. "काका, अहो तुम्ही आज कशाला आलात? घरी बसा."

मी म्हटलं, "बाई, इथं मोरी आहे. खाडीपर्यंत जाते. ती मी बुजवलीय, माझ्या हातानं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ह्या लोकांनी कचरा टाकलेला नाही."

मग एक मेंबर हळूच दुसऱ्याला म्हणाला, "कालच वाईफ गेली त्यांची." म्हणजे म्हातारा बरळतोय. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, गाडी थांबवून चालत नाही. माल आतच दगड होईल."

"कुठे आहे दाखवा," पाटकर बाई मला म्हणाल्या. आवाज बदललेला.

आता खुणा काहीच उरलेल्या नाहीत. आंबा नाही, कुंपण नाही. गोठा सोडला तर एकच गोष्ट जागेवर, जिमचा उंबरठा. प्रार्थनेच्या खोलीचा जुनाच दगड आहे तो. तिथनं गोठ्याच्या कोपऱ्याकडे नाक करून त्रेसष्ट पावलं. मी हजारदा चाललेलो. चाललो. त्रेसष्टाव्याला टाच रोवली. "इथं."

दोन मजुरांनी खणलं. कमरेएवढं खणलं. नुसती माती.

कंत्राटदार घड्याळ बघायला लागला. मीना माझा दंड धरून म्हणाली, "बाबा, चला ना घरी." मी खड्ड्यात बघत उभा. पावलं त्रेसष्टच होती, त्यात चूक नाही. मग माझ्या पायांकडे लक्ष गेलं. हे पाय आता एवढुसं पाऊल टाकतात. तेव्हा मी ढांगा टाकत चालायचो. माझी त्रेसष्ट पावलं आखूड झाली होती.

मी राजारामला बघितलं. मी तेव्हा होतो तेवढाच उंच, तसाच सडसडीत.

"राजाराम, तू चाल."

"काय?"

"उंबरठ्यापासून. तू चालतोस तसा. त्रेसष्ट मोज."

तो माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं आता नाही म्हणणार. मग तो गेला, उंबरठ्यावर उभा राहिला आणि मोजत आला. माझ्या खड्ड्यावरनं पुढे गेला. चांगला पुढे गेला. उभा राहिला. खणलं, आणि हातभर खाली पहार खणकन् वाजली. सिमेंटची पोती. वरचा कागद कुजून गेलेला, पण पोत्याच्या शिलाईचा ठसा जसाच्या तसा.

पाटकर बाई कंत्राटदाराला म्हणाल्या, "गाडी पुढच्या रॅम्पकडे घ्या. तिथलं काम उद्याचं होतं ना, ते आज करा. इथं काही ओतायचं नाही." मग माझ्याकडे बघितलं, पण बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मजुराच्या हातातनं पहार घेतली. सगळे एकदम बोलायला लागले. काका राहू दे, काका ह्या वयात, काका काल तर... मीना रडायला लागली. जावयाला फोन लावते म्हणाली. एका मजुरानं पहार माझ्या हातातनं घ्यायला हात पुढे केला.

राजारामनं त्याचा हात धरला. "नको घेऊ," तो म्हणाला. "फोडू दे त्यांना."

अकरा वाजेपर्यंत मी फोडत होतो.